मुंबईच्या अनुस्वारातून गेलेली नळी

धोंडू रांबाडे दिसायला अगदी साधा माणूस. उंची बेताची, अंगात खाकी अर्धी चड्डी आणि सदरा, आणि उजव्या कानावर कायम एक वीतभर सुताचा धागा. विडी ठेवावी तसा तो धागा तिथे असे. कुठल्याही खोलीत शिरला की तो धागा काढायचा, दोन्ही हातांनी ताणून तटकन तोडायचा, आणि तुटल्याचा आवाज ऐकून त्या खोलीची हवा कोरडी आहे की ओली ते सांगायचा. आमच्या गिरणीच्या ऑफिसात हवेतला ओलावा मोजायचे विलायती यंत्र भिंतीवर टांगलेले होते. धोंडूचा आकडा आणि त्याचा आकडा दोन-चारांच्या फरकाने जुळत असे. जुळला नाही तर धोंडू म्हणायचा, "सायबाच्या यंत्राला पडसं झालंय."

त्याला जाऊन आता वीसेक वर्षे झाली. लालबागला त्याचे लहानसे दुकान होते, शेवटपर्यंत. थंड हवेची यंत्रे आणि फ्रीज दुरुस्त करायचा. दुकानावर पाटी नव्हती, तरी मलबार हिलपासून माटुंग्यापर्यंतच्या मोटारी तिथे येऊन थांबत. त्याच्यावर कोणी काही लिहिलेले नाही. मला लिहिण्याची सवय नाही. पत्रसुद्धा मी दोनदा कच्चे लिहून मग पोस्टात टाकतो. पण माझ्या लग्नाची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही, आणि ती ज्यांना ठाऊक आहे असे आता आम्ही दोघेच उरलो आहोत, मी आणि उर्मिला. उर्मिला म्हणते, मला सांगता येतं, लिहिता येत नाही, तुम्ही लिहा. तिला कोण सांगणार की मला दोन्ही येत नाही.

तेव्हा एकोणीसशे छप्पन साल होते. मी परळच्या एका गिरणीत इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे उतरवून काढायचे काम करत होतो आणि दादरला राहत होतो. धोंडू त्याच गिरणीत हवेच्या खात्यात फिटर होता. कापडाच्या गिरणीत हवा फार कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून मोठमोठ्या पंख्यांनी बाहेरची हवा ओढून, पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन, साच्यांवर, म्हणजे मागांवर, सोडायची असते. ते त्याचे काम. त्याआधी गावाहून आल्या आल्या चार वर्षे तो रे रोडच्या एका बर्फाच्या कारखान्यात होता. म्हणजे हवा ओली कशी करायची आणि पाणी गोठवायचे कसे, दोन्ही त्याला हातचा मळ वाटे. त्याचे शिक्षण मराठी चौथी.

माझे लग्न गिरगावातल्या मनमोहनराव अजिंक्यांच्या मुलीशी, उर्मिलेशी, ठरले होते. मनमोहनरावांना सगळे अप्पा म्हणत. सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, शुद्धलेखनाचे भोक्ते. लग्नपत्रिकेच्या प्रुफात त्यांनी सोळा चुका काढल्या होत्या, त्यांतल्या चार माझ्या नावात आणि पत्त्यात. लग्न वीस मे, रविवार, असे ठरले. आणि मार्चमध्ये अप्पांना हृदयविकाराचा झटका आला.

त्यातून ते उठले, पण उकाडा त्यांना सोसेनासा झाला. अंगाला घाम सुटला की धाप लागे, धाप लागली की छातीत कळ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, हा मे महिना यांना थंडाव्यात काढायला हवा. जमत नसेल तर महाबळेश्वरला पाठवा, लग्नाच्या गर्दीत मात्र बसवू नका. नातेवाइकांनी लगेच तोड काढली. ठाण्याचे चुलतबंधू हेरंबराव आणि त्यांच्या पत्नी कन्यादान करतील, अप्पांनी डोंगरावर विश्रांती घ्यावी. अप्पा पलंगावरून म्हणाले, "मुलगी माझी आहे. तिचा हात मीच देणार. नाही तर पत्रिकेत दुरुस्ती छापा."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. आणि खरे सांगायचे तर घरातल्या प्रत्येकाला कन्यादान अप्पांच्याच हातून हवे होते. उर्मिला तर चोरून रडत होती. प्रश्न एवढाच होता की गिरगावच्या वाडीतली एक खोली वीस मेपर्यंत थंड कशी करायची.

पहिली अक्कल माझी. नागपूरला माझ्या मावशीकडे उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत, घर गार होई. मी एक लाकडी पेटी करून घेतली, तीन बाजूंना वाळा ठासला, वरून पाणी ठिबकायची सोय केली आणि आत टेबलफॅन बसवला. मोठ्या ऐटीत ती अप्पांच्या खोलीत नेऊन ठेवली. वास सुरेख सुटला. दुसऱ्या दिवशी डब्यातले पापड फडक्यासारखे लवत होते, मिठाला पाणी सुटले होते, अप्पांची चादर ओली लागत होती आणि अप्पा म्हणत होते की आपण विहिरीत झोपलो आहोत. धाप वाढली. सासूबाई, म्हणजे राजलक्ष्मीबाई, जावयाला बोलता येत नाही म्हणून पेटीला बोलल्या.

मी सोमवारी गिरणीत धोंडूला गाठले. तो संध्याकाळी माझ्याबरोबर आला. खोलीच्या मधोमध उभा राहिला, कानावरचा धागा काढला, ताणला. धागा ताणतच गेला, तुटेना.

"श्यामराव," तो म्हणाला, "नागपूरची हवा तहानलेली असती. तिला पानी दाखवलं की ती पिते, नि पिताना गार होते. आपली मुंबईची हवा सकाळधरनं पिऊनच बसलीय. तिला आनखी पाजलंत तर ती घेनार कुठं?"

"मग गिरणीत तुम्ही तेच करता ना?"

"गिरनीत आपन सुताची काळजी घेतो. मानसाची नाय."

मग त्याने अप्पांच्या पलंगाशेजारी उकिडवे बसून खरे यंत्र कसे असते ते समजावले. अप्पांना कुणी समजावलेले आवडत नसे, पण त्याचे ऐकत राहिले. तो म्हणाला, ते यंत्र थंडी तयार करत नाही. ते हमाल आहे. खोलीतली उष्णता पाटीत भरायची, बाहेर नेऊन ओतायची, रिकामी पाटी घेऊन परत आत यायचे. डॉक्टर सुई टोचायच्या आधी स्पिरिट लावतात तेव्हा दंड गार लागतो ना? स्पिरिट उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जाते. यंत्राच्या नळीत तसाच एक द्रव असतो. खोलीच्या बाजूच्या वेटोळ्यांत तो उडतो, वाफ होतो, आणि ऊब उचलतो. मग पंप त्या वाफेला दाबतो. सायकलचा पंप मारताना खालचे टोक तापते, तशी ती तापते. ती बाहेरच्या वेटोळ्यांत जाऊन आपली ऊब बाहेरच्या हवेला देते, पुन्हा द्रव होते आणि परत आत.

"म्हणजे याला तोंड आहे आणि पाठ आहे," अप्पा म्हणाले.

"बरोबर, सायेब. तोंड खोलीत, पाठ उघड्यावर. पाठ कोंडली की खेळ खलास."

यंत्र मिळाले. कुलाब्याला एक इंग्रज अधिकारी गाशा गुंडाळून विलायतेला निघाला होता, त्याच्या खिडकीतले. ट्रंकेएवढा लोखंडी ठोकळा, चौघांनी उचलायचा. तो हातगाडीवरून वाडीत आला तेव्हा माणसे गॅलरीत उभी राहून बघत होती. आता फक्त भिंतीला भोक पाडायचे होते.

आणि तिथेच घोडे अडले.

अप्पांची खोली तळमजल्यावर, कोपऱ्यात. तिची एकच खिडकी, ती शेजारच्या घराच्या भिंतीलगतच्या अरुंद बोळात उघडायची. त्या बोळावर पावसासाठी पत्रे घातलेले. गल्लीच्या बाजूला सबंध कोरी भिंत होती. म्हणजे डिसेंबरपर्यंत कोरी होती. त्यानंतर तिच्यावर डांबराने हातभर उंचीची अक्षरे उमटली होती: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. ती अक्षरे काढली होती त्याच वाडीतल्या दगडूने. हा एका छापखान्यात खिळे जुळवायचा, वयाने तिशीचा, अक्षर असे की अप्पांनाही त्यात चूक काढता आली नव्हती. आधी त्यांनी भिंत खराब केल्याबद्दल त्याला झापले होते, आणि मग काठीने दाखवून 'संयुक्त'मधला 'क्त' नीट झाला आहे असे सांगितले होते. जानेवारीत गोळीबार झाला त्यात दगडूच्या पायाला गोळी चाटून गेली. तेव्हापासून तो काठी घेऊन चालत असे आणि संध्याकाळी समोरच्या पायरीवर, आपल्या अक्षरांसमोर, बसत असे.

धोंडूने आतून मापे घेतली. भिंतीच्या अर्ध्या भागाला सागवानी कपाट, भिंतीत बसवलेले. उरलेल्या भागात यंत्र बसेल अशी जागा एकच. बाहेर येऊन त्याने खडूने चौकोन आखला. चौकोन बरोबर 'मुंबई'वर पडला.

तो खडू हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या सदऱ्याला समितीचा बिल्ला होता.

चौकोन हातभर सरकवला तर 'सह' जात होते. संध्याकाळी यावर पलंगाभोवती बैठकच बसली. मी भीत भीत म्हणालो की 'सह' गेले तरी लोकांना अर्थ कळेल. अप्पांनी माझ्याकडे असे पाहिले की लग्न मोडते की काय असे वाटले.

"'सह' काढलंत तर मुंबई एकटी पडते," ते म्हणाले. "दिल्लीला तेच तर हवंय. आणि 'मुंबई' काढलीत तर सह काय, कुणासह?"

राजलक्ष्मीबाईंनी सुचवले की भोक पाडू आणि लग्न झाल्यावर यंत्राच्या पाठीवरच तो शब्द रंगवू. धोंडूने मान हलवली. पाठीला जाळी असते, तिच्यातून गरम वारा येतो, डांबर वितळून खाली येईल. शिवाय दगडूला विचारायला हवे, आणि ते धोंडूच्या तोंडून होईना. मला म्हणाला, "श्यामराव, तो लंगडत येतो नि त्या शब्दासमोर बसतो. त्याला मी काय सांगू, सरक, मला मुंबई फोडायची हाय?"

तेव्हा सगळ्यांच्या मते सोपा होता तो मार्ग त्याने धरला, आणि आयुष्यभर स्वतःला त्याबद्दल दोष दिला. बोळातल्या खिडकीत यंत्र बसवले. पाठ बोळात.

पहिला तास स्वर्ग होता. अप्पांनी पांघरूण मागितले नाही, पण सदरा घातला. मग हळूहळू हवा कोमट होऊ लागली. मी बोळात डोकावलो तर तोंडावर भट्टीचा झोत आला. वर पत्रे, दोन्हीकडे भिंती. हमालाने ओझे उंबऱ्याबाहेरच टाकले होते आणि तिथे ढीग साचला होता. यंत्राची पाठ आपलाच गरम श्वास पुन्हा घेत होती, मग तिला ऊब फेकता येईना, मग तोंडातून गार येईना. स्वयंपाकघराचे दारही त्याच बोळात. राजलक्ष्मीबाईंचे तूप फळीवर ठेवल्या ठेवल्या पातळ झाले. त्या म्हणाल्या, खोली थंड करायला सांगितलं होतं, माझं घर उबवायला नाही. रात्री अप्पांची धाप पुन्हा वाढली. सकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि हेरंबरावांना तार करा म्हणाले. तारीख बारा मे.

धोंडू दारात उभा होता. डॉक्टर गेल्यावर तो आत आला आणि अप्पांना म्हणाला की चूक यंत्राची नाही, माझी आहे, पाठ कोंडायची नाही हे मीच सांगितले आणि मीच कोंडली. मला आणखी चार दिवस द्या.

अप्पा थकून गेले होते. "पाठ उघडी कुठे करणार?" त्यांनी विचारले. "शब्द तर सगळे तेच आहेत."

धोंडूने खिडकीतल्या यंत्राला पुढून-मागून हात लावून पाहिला. मग म्हणाला, "सायेब, पाठ तोंडाला चिकटून असलीच पायजे असं कुठं लिवलंय?"

तो मंगळवारची अर्धी रजा टाकून रे रोडला गेला. बर्फाच्या कारखान्यातला त्याचा जुना सोबती दौलत तिथे दुरुस्तीचे काम करत असे. बर्फाच्या कारखान्यात, धोंडू म्हणाला, बर्फ एका खोलीत होतो आणि पंप दुसऱ्या खोलीत असतो, मध्ये नळ्या. मग इथे का नको? दौलतने आधी त्याला वेडा ठरवला. मग हत्यारे, नळ्या आणि वायूचे नळकांडे घेऊन त्याच्यासोबत वाडीत आला.

अंगणात त्यांनी यंत्राचे पोट उघडले. आतला वायू नळकांड्यात काढून घेतला आणि दोन तांब्याच्या नळ्या कापल्या. एका यंत्राची दोन झाली: पुढची वेटोळी आणि पंखा एवढे तोंड खोलीत राहणार, पंप आणि मागची वेटोळी, ती पाठ, वर गच्चीवर जाणार, मोकळ्या वाऱ्यात. मध्ये दोन नळ्या आणि एक वायर. एक नळी बारीक, पाठीकडून तोंडाकडे द्रव आणणारी. एक जाड, वाफ परत नेणारी. जाड नळीला त्याने एके ठिकाणी मुद्दाम बाक ठेवला, म्हणजे पंपातले तेल वाट चुकून खाली उतरले तरी त्या बाकात साचून वाफेबरोबर पुन्हा वर चढेल. गार नळीला हवेतले पाणी सुटू नये म्हणून तिच्याभोवती गिरणीतल्या टाकाऊ कापसाचा जाड थर गुंडाळला आणि वरून डांबरी पट्टी. दौलत म्हणाला, हे इंग्रजाने पाहिलं तर परत यंत्र मागेल.

आता भिंतीला ट्रंकेएवढे भोक नको होते. मुठीएवढे पुरे. पण मुठीएवढे म्हटले तरी ते पडणार होते तिथेच. धोंडूने आतून मोजले, बाहेर मोजले, शिडीवर चढला. मग उतरला आणि या वेळी स्वतः दगडूच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिला. मी मागे होतो.

त्याने सगळे सरळ सांगितले. लग्नाचे, अप्पांचे, डॉक्टरांचे. दगडू काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"भोक नक्की कुठं येतंय?" त्याने विचारले.

"'मुं'च्या डोक्यावर."

"डोक्यावर म्हणजे?"

"अनुस्वारात."

दगडू उठला, लंगडत शिडीपाशी गेला, वर पाहिले. तो अनुस्वार त्याने ताटली ठेवून आखला होता, पुरता गोल.

"अनुस्वार काळा," तो म्हणाला, "भोकही काळंच. गल्लीतनं कुणाच्या बापाला कळणार नाही. कडा मात्र गोल ठेवा हां, धोंडूभाऊ. चौकोनी केलात तर माझं नाव जाईल."

मी आत जाऊन अप्पांना सांगितले. ते उशीला टेकून हसू लागले. दोन महिन्यांत त्यांना हसताना मी पाहिले नव्हते. हसल्याने धाप लागेल म्हणून राजलक्ष्मीबाई धावल्या. "अहो, अनुस्वार असतो कशाला?" अप्पा म्हणाले. "हवा नाकातून जायला. व्याकरणाला धरूनच आहे. पाडा."

भोक पाडायला तीन तास लागले, कारण दगडू खाली उभा राहून कडा तपासत होता. नळ्या बाहेर आल्या आणि भिंतीवरून वर गच्चीकडे गेल्या. दगडूने उरलेली फट डांबराने बुजवली. वाडीतली पोरे म्हणू लागली की मुंबईला शेंडी फुटली. सोळा तारखेला संध्याकाळी सातला दौलतने गच्चीवरून हाक दिली आणि धोंडूने खाली बटण दाबले. वाडीतले सगळे दिवे क्षणभर मंद झाले आणि पुन्हा उजळले.

खोली गार झाली, आणि गारच राहिली. धोंडू रात्रभर बोळात बसून होता, सकाळी आत येऊन त्याने धागा ताणला. तटकन आवाज झाला. तोंडाखाली ठेवलेली बालदी निम्मी भरली होती. राजलक्ष्मीबाईंनी विचारले, नळ फुटला की काय. धोंडू म्हणाला, नाय बाईसाहेब, हे तुमच्या हवेतलं पानी. गार वेटोळ्यांवर जमलं नि गळलं, म्हणून तर हवा कोरडी झाली. त्या बालदीत बोट बुडवून म्हणाल्या, म्हणजे इतके दिवस आम्ही हे पाणी श्वासात घेत होतो. डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि हेरंबरावांना दुसरी तार गेली की सहकुटुंब जेवायला यावे.

लग्नाची व्यवस्था धोंडूने लावून दिली, आणि भटजींनाही ती मान्य करावी लागली. मंगलाष्टके मांडवात. कन्यादान अप्पांच्या खोलीत, मोजक्या माणसांत. होम बाहेर, कारण बंद खोलीत धूर आणि विस्तव म्हणजे यंत्राचा अपमान. "एक मानूस म्हंजे एक मोठा दिवा लावल्यासारखं हाय," तो म्हणाला. "जेवढी डोकी, तेवढे दिवे." खोलीत अकरा माणसे, त्यापलीकडे एक नाही. दाराशी राजलक्ष्मीबाईंनी आपली धाकटी जाऊ बसवली, आत येणाऱ्याला, पाय धुऊन ये म्हणावे तसे, दार पटकन लावून घे म्हणायला.

पण फोटोग्राफरची कुणाला आठवण नव्हती. तो तीन पायांच्या तिकाटणीवर भला मोठा दिवा घेऊन आला. बारा वाजून अकरा मिनिटांचा मुहूर्त लागला, अक्षता पडल्या, आम्ही खोलीत गेलो. बाहेर मेमधली दुपार, गच्ची तापलेली, आत अकरा माणसे आणि तो दिवा. भटजींनी संकल्प सुरू केला. अप्पा पाटावर बसले होते, पाठीशी तक्क्या, समोर तांब्याचे तामण. आणि तोंडाची घरघर थांबली. नुसता पंखा फिरत राहिला. वर पाठ तापून तिचा सुरक्षेचा खटका पडला होता.

अप्पांच्या कपाळावर घाम दिसू लागला. कोणीतरी म्हणाले हेरंबरावांना बसवा. हेरंबराव उठलेसुद्धा. अप्पांनी मान हलवली. उर्मिलेचा हात त्यांच्या हातात होता आणि तो ते सोडेनात.

दार किलकिले झाले आणि धोंडूचा आवाज आला, "दिवा काढा. पाच मानसं बाहेर या. चार मिनिटं बटनाला कुणी हात लावू नका."

माझा मेहुणा बटणाकडे गेलाच होता. धोंडूने त्याला सांगितले की आतल्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाल्याशिवाय पंप उठत नाही, आता दाबलंत तर तो जळेल. मग तो जिन्याने वर पळाला. दौलतने आधीच दोन गोणपाटे भिजवली होती. गच्चीवर त्यांनी ती पाठीवर सावलीसारखी धरली आणि बालद्यांनी पाणी ओतत राहिले. हे मला नंतर कळले. खाली आम्हाला फक्त फोटोग्राफर बाहेर जाताना तिकाटणीत अडखळल्याचा आवाज आला, आणि भटजी संकल्पातली गावे, नद्या आणि पर्वत इतक्या सावकाश म्हणू लागले की चार मिनिटे कुठेतरी गोदावरीच्या आसपास गेली. अप्पांनी एकदाच डोळे मिटून विचारले, "तो वर आहे ना?" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, आहे.

दिवे मंद झाले, उजळले. घरघर सुरू झाली. तोंडातून पहिला गार झोत अप्पांच्या चेहऱ्यावर आला तेव्हा त्यांनी खांदे सैल सोडले. मग त्यांनी उर्मिलेचा हात माझ्या हातात ठेवला, वर पाणी सोडले, आणि भटजींचा एक उच्चार दुरुस्त केला.

होम, सप्तपदी, सगळे बाहेर उरकून आम्ही नमस्काराला पुन्हा आत आलो तेव्हा अप्पा पलंगावर आडवे झाले होते. खोली आता रिकामी होती आणि यंत्राला सहा माणसांचे काम उरले नव्हते. धोंडू भिजलेल्या सदऱ्यासह दारात उभा होता.

"धोंडू," अप्पा म्हणाले, "हे जरा कमी कसं करतात रे? मला थंडी वाजते."

गिरगावात, वीस मेला, दुपारी दीड वाजता. धोंडूने सदऱ्याची ओली बाही पिळली. मग म्हणाला, फिरवून कमी करायचा कान मी लग्नापुरता काढून ठेवलाय, सायेब, आता चालू नाय तर बंद.

"चालू राहू दे," असे म्हणून अप्पांनी हात लांब करून जवळ जे वस्त्र लागले ते अंगावर ओढून घेतले. तो माझ्या खांद्यावरचा शेला होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला उर्मिलेच्या शालूची गाठ मारलेली होती, आणि ती उर्मिलेच्या आईने सोडेपर्यंत सोडायची नव्हती. राजलक्ष्मीबाईंनी ती सोडली नाही. त्यांनी शेला नीट अप्पांच्या छातीवर घातला आणि बोट ओठांवर ठेवले. आम्ही दोघे पलंगाच्या कडेला, बांधलेले, बसून राहिलो. धोंडूही मग भिंतीला टेकून खाली बसला. अप्पा घोरू लागले.

बाहेर पहिली पंगत उठली, दुसरी बसली, उठली. अप्पांनी कूस बदलली तेव्हा शेला मोकळा झाला. तिसऱ्या पंगतीला आम्ही तिघे आणि दौलत शेजारी शेजारी बसलो. जिलब्या संपल्या होत्या. मठ्ठा होता, भरपूर.